शेंड्यांचं वय

बारीक केसांच्या बाईला सल्ले फुकट मिळतात. फोंड्याच्या बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, कदंबा बसची वाट बघताना. "कितें गो, केंस पातळ जाले तुजे?" ही आमच्याकडे तब्येतीच्या चौकशीइतकीच सहज चौकशी. पाठोपाठ उपाय सुरू: कांद्याचा रस लाव, जास्वंद वाट, माका तेलात उकळ. सल्ला देणारीची वेणी हमखास मनगटाएवढी असते आणि ती आपण स्वकष्टाने कमावली अशी तिची प्रामाणिक समजूत असते. आजीकडून चालत आलेली इस्टेट आहे ती, पण हे तिला सांगणार कोण?

माझे केस बारीक आहेत, विरळ नाहीत. डोक्यावर गर्दी पुरेशी आहे, पण एकेक केस हाताला लागेल तर शपथ. साधारण केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरतात, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. बारीक केस त्यातही पन्नासच्या आसपास. मुळाशी वेणी बरी दिसते, कंबरेकडे येईपर्यंत तिची उंदराची शेपटी होते. माझं सगळं दुखणं त्या शेवटच्या वीतभरात आहे आणि लोक तेल सुचवतात ते टाळूला.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटीमीटर लांब वेणीचं टोक पाच वर्षांचं म्हातारं असतं. पाच गोंयचे पावसाळे, पाच मे महिने, मांडवीच्या पुलावरचं स्कूटरवरचं वारं, हजारदा फिरलेली फणी, असं सगळं त्याने सोसलेलं असतं. केसाच्या अंगावर खवल्यांचे थर असतात. मुळाशी ते सहा-आठ असतात, टोकाकडे झिजत झिजत कधी कधी उरतही नाहीत. जाड केसाकडे झिजायला भांडवल असतं. आमच्याकडे नसतं. आणि टोक दुरुस्त होत नाही, कारण ते जिवंतच नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो, फाटलेला शेंडा फार तर चिकटवून ठेवता येतो, तोही पुढच्या न्हाणापर्यंत.

तरी सगळा दोष झिजेचा नसतो. रोज पन्नास-शंभर केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात, ते वेगवेगळ्या लांबीवर असतात. काही केसांची वाढ दोन वर्षांतच थांबते, काहींची सहा वर्षं चालते. कंबरेपर्यंत पोचतात ते थोडेच. म्हणून टोक थोडं निमुळतं होणारच. प्रश्न इतकाच की गळतंय की तुटतंय? हे बघायला डॉक्टर लागत नाही. फणीतले केस पांढऱ्या कापडावर पसरावेत. ज्याच्या एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका असतो तो मुळापासून आलेला; त्याचा दिवस भरला होता. ठिपका नसलेले, बोटभर लांबीचे तुकडे दिसले तर मात्र ती मोडतोड, आणि ती बहुतेकदा आपल्याच हातची.

माझ्या कापडावर तुकडेच जास्त निघत. तेव्हापासून माझी सगळी देखभाल 'काय करायचं नाही' या सदरात गेली आहे. ओल्या केसांत फणी घालायची नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि तेवढाच लवकर तुटतो. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा नुसता दाबायचा. गुंता सोडवायचा तो शेंड्यापासून वर, मोठ्या दातांच्या कंगव्याने. वरून खाली ओढलं की सगळ्या गाठी एकत्र येऊन खालच्या म्हाताऱ्यांवरच कोसळतात. शाम्पू फक्त टाळूला. धुताना फेस खाली ओघळतो तेवढा शेंड्यांना पुरतो. कंडिशनर बरोबर उलटा: कानाखाली, मुळांपासून लांब. झिजलेल्या जागीच तो जास्त धरून राहतो, म्हणून शेंड्यांना त्याचा उपयोग. मुळाशी लावला तर बारीक केस दुपारपर्यंत डोक्याला चिकटून बसतात.

तेलाबाबत माझं घरात कोणाशीच पटत नाही. खोबरेल थापून, घट्ट वेणी घालून दिवसभर फिरायचं ही पद्धत जाड केसांना मानवते. बारीक केस तेवढ्याने चपट होऊन बसतात. पण खोबरेल सोडायलाही मी तयार नाही. 2003 साली आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर तपासून पाहिलं, तेव्हा धुताना केसातून जाणारी प्रथिनं लक्षणीय वाचवणारं एकटं खोबरेल निघालं. ते केसाच्या आत शिरतं. बाकीची वरवर राहतात. म्हणून मी न्हाण्याच्या आदल्या रात्री घाण्याचं तेल चमचाभर घेते, तळव्यावर चोळते आणि फक्त खालच्या वीतभराला लावते. आजी म्हणायची, माथ्याला तेल नसेल तर डोकं तापतं. तिच्या माथ्याला मी नाही म्हणत नाही. पण ती शेंड्यांना कधी विचारायची नाही.

इथल्या दमट हवेचं मात्र काय करणार? केस हवेतलं पाणी पितो, फुगतो, परत आक्रसतो. जूनपासून तर न्हालेले केस संध्याकाळपर्यंत ओलसरच. ओल्याचाच अंबाडा बांधून ऑफिस गाठणाऱ्या मी आजूबाजूला कितीतरी बघते. घाईत दुसरं सुचतही नाही. मी आता सुट्टीच्या आदल्या रात्री न्हाते आणि पंख्याखाली बसते. मिरामारला पाण्यात जायचं असलं तर आधी केस नळाखाली पूर्ण भिजवून घेते. साध्या पाण्याने तुडुंब झालेला केस खारं पाणी कमी ओढतो. हेल्मेटमधून खाली लोंबणारी वेणी तर गुंत्याची जत्राच. तिला शर्टाच्या आत सोडलं की वारं काही करू शकत नाही.

राहिली कात्री. केस कापले की जोमाने वाढतात, हे खोटं. मूळ टाळूच्या आत बसलेलं. टोकाला कात्री लागली हे त्याला कळत नाही. पण दुभंगलेला शेंडा वरच्या दिशेने चिरत जातो, ते कापल्याने थांबतं. आणि शेपटी सरळ कापली की वेणी क्षणात दाट दिसते. चार बोटं गेली की घरात सुतक पाळल्यासारखे चेहरे होतात खरे. पार्लरवाली दरवेळी लेयर सुचवते, बाउन्स येईल म्हणते. जाड केसांना येत असेल. बारीक केसांचे लेयर म्हणजे शेंड्यात उरलेले मोजके केस आणखी कमी करणं. मी सांगते, "सरळ रेषेत, पट्टी ठेवल्यासारखं." ती नाखुशीने कापते आणि मागचा आरसा धरते तेव्हा तोंड असं करते, जणू शाळेतल्या पोरीचा कट दिलाय.

दिलाही असेल. पण जायांच्या पूजेला, म्हणजे जाईच्या फुलांच्या उत्सवाला, म्हार्दोळच्या देवळात गेले होते, तेव्हा फाती, म्हणजे फुलांचा गजरा, वेणीत नीट बसली. पूर्वी घसरून पाठीवर यायची, पिना मारून मारून थकायचे. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कसलें तेल लायता गो?" मी नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी ते माथ्यावरच थापलं असतं.