एवढाच तर गोवा, मग एवढा लॅपटॉप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचा रोख एकच असतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गोवा जेमतेम १०० किलोमीटर. कुठूनही निघालं तरी माणूस दोन-अडीच तासांत घरी पोचतो. मग जुन्या घरांची मोजमापं घेऊन दुरुस्तीचे आराखडे करणाऱ्या बाईने तीन किलोचा वर्कस्टेशन लॅपटॉप (जड कामांसाठी बनवलेलं यंत्र) आणि वर त्याचा विटेएवढा चार्जर का वागवायचा? तेवढ्या पैशांत याहून ताकदीचा डेस्कटॉप येतो, तो घरी ठेवून काम का करू नये? आमच्या फोंड्यातले शेजारीसुद्धा विचारतात, "इतलो व्हड लॅपटॉप कित्याक गो?"

याचं उत्तर चवथीच्या दिवसांत मिळतं.

गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगे-मुली सगळ्यांचा वारसा सारखा. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांच्या घराला मालक पुष्कळ असतात. कोणी मुंबईत, कोणी पुण्यात, कोणी दुबईला. वर्षभर घराला कुलूप, नाहीतर एखादी काकी एकटी राहते. चवथीला मात्र सगळे येतात. आरती होते, पंगती उठतात आणि राजांगणाभोवती, म्हणजे घरातल्या मधल्या उघड्या चौकाभोवती, बैठक बसते. गणपती दीड दिवसाचा असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी गाड्या परत निघालेल्या असतात. छप्पर उतरवून पुन्हा घालायचं का, मागची पडकी चौकी सावरायची की पाडायची, न्हाणीघर आत घ्यायचं का, हे त्या एका बैठकीत ठरलं तर ठरलं. नाहीतर आणखी एक पावसाळा मातीची भिंत खात राहतो.

त्या बैठकीत छापील नकाशे पुरत नाहीत. "न्हाणी इकडे घेतलीस तर तुळशीवर सावली येईल ना?" असं थोरली आत्या विचारते. तिथल्या तिथे भिंत सरकवून, मार्गशीर्षातल्या सकाळचं ऊन लॅपटॉपवरच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये पाडून तिला दाखवावं लागतं. तिचं समाधान झालं की बाकीचे ऐकतात. पडदा अडखळत राहिला, घर फिरवायला मिनिट लागलं, की बोलणं जुन्या वाटणीवर घसरतं आणि मग छपराचा विषय पुन्हा निघत नाही. म्हणून निर्णय घेणारी माणसं जिथे बसलेली असतात, तिथे माझं मॉडेल उघडं असायला हवं. बैठकीची तारीख पंचांग ठरवतं.

दुसरं कारण मोजमापाचं. चिऱ्यांची आणि मातीची जुनी भिंत सरळ नसते, काटकोन तर शोधूनही सापडत नाही. म्हणून लेझर स्कॅनरने खोलीखोलीतून कोट्यवधी बिंदू टिपायचे आणि छपराचे, नक्षीचे फोटो काढायचे. खोल्यांचे स्कॅन एकमेकांना जोडले गेले तरच घर उभं राहतं. फोटोंचंही तसंच: शेजारच्या दोन फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक असावा लागतो. माळ्यावर चढणारा जिना अरुंद असेल तर वरचा स्कॅन खालच्याशी जुळत नाही. हे जागेवरच कळलं तर जिन्यात आणखी एक स्कॅन घेता येतो. घरी जाऊन कळलं तर किल्लीवाला माणूस पुन्हा कधी भेटेल, त्याची वाट बघत बसायचं. मी सगळे स्कॅन तिथेच जोडून बघते, फोटो कमी दर्जावर जुळवून घेते. भोक दिसलं नाही तरच ट्रायपॉड आवरते. रात्रभर चालणारं जड काम घरच्या डेस्कटॉपवर होतं, त्याला लॅपटॉप कधीच पुरा पडणार नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाचं उदाहरण घ्या. डेस्कटॉपमधलं कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतं आणि त्याला २४ जीबी मेमरी असते. लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली १६ जीबी मिळते आणि वीज साधारण तिसरा हिस्सा.

या नावांनी फार लोक फसतात, म्हणून इथे जरा थांबते. आरटीएक्स ४०७० असं स्टिकर लावलेलं लॅपटॉपातलं कार्ड ३५ वॅटवर चालणारं असू शकतं आणि ११५ वॅटवर चालणारंही. चिप तीच, पण पातळ लॅपटॉपात उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून बनवणारा तिची वीज आवळतो. दुकानदाराला मॉडेलचं नाव विचारून भागत नाही, "किती वॅट?" असं विचारा. आणि पाच मिनिटांच्या चाचणीवर जाऊ नका. पहिली काही मिनिटं सगळेच जोरात धावतात. प्रोसेसर तापला की वेग उतरतो आणि तो कुठे जाऊन स्थिरावतो, ते अर्ध्या तासाने कळतं. डेल प्रिसिजन (२०२५ पासून नाव डेल प्रो मॅक्स), एचपी झेडबुक, लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका ही व्यावसायिक यंत्रं जाड आणि जड असतात, ती मुख्यतः या अर्ध्या तासानंतरच्या वेगासाठी. त्याच वेगाचे मी पैसे मोजलेत.

सर्टिफिकेशनबद्दलही विचारणा होते. त्या त्या मॉडेलवर, त्या ग्राफिक्स ड्रायव्हरसह आपलं सॉफ्टवेअर नीट चालतं, हे सॉफ्टवेअर कंपनीने तपासलेलं असतं. भर बैठकीत प्रोग्राम बंद पडू नये, एवढ्यासाठी मला त्याची किंमत वाटते. चूक स्वतःच दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी २०१५ मध्ये इंटेलच्या झिऑन प्रोसेसरबरोबर लॅपटॉपांत आली. दिवसरात्र गणितं चालवणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरांनी ती जरूर बघावी, मला तिची गरज पडलेली नाही. रॅम मात्र ६४ जीबीच्या खाली घेऊ नका आणि ती बोर्डावर डकवलेली नसावी. रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमधली बरीच कामं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे चोवीस कोअरच्या जाहिरातीपेक्षा एका कोअरचा वेग बघा.

पणजीत इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या आसपास भेटणारे फिल्म एडिटर मित्र मॅकबुक प्रो वापरतात. त्यांच्या कामाला ते उत्तम आहे. चार्जर काढला तरी त्याचा वेग जवळपास तसाच राहतो आणि हे माझ्या यंत्राला जमत नाही. पण रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, तिथे माझ्यापुरता विषय संपतो.

बॅटरीचं गणित समजून घ्या. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, त्यामुळे कंपन्या त्या मर्यादेच्या जेमतेम आत थांबतात. पूर्ण ताणावर २०० वॅट खाणारं यंत्र तेवढ्यावर अर्धा तास चालेल. म्हणून प्लग काढताच ते स्वतःहून वेग कमी करतं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात पावसात वीज गेली की मी मोठी कामं थांबवते आणि फक्त मॉडेल दाखवते, तेवढं बॅटरीवर निभतं. जुन्या वायरिंगच्या घरांत अर्थिंग नसतं. तिथे धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं, ती चार्जरमधून झिरपणारी वीज असते. असं जाणवलं तर आधी घरमालकाला सांगा. लॅपटॉपपेक्षा त्या घरातल्या माणसांना धोका मोठा आहे.

आपल्या हवेचं काय, असं किनाऱ्यावरचे हमखास विचारतात. एसी गाडीतून गार झालेला लॅपटॉप दमट खोलीत लगेच उघडला तर त्यावर दव धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, तोवर चहा होतो. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे कपाटात पडू देऊ नका. रोज थोडा वेळ चालवलं की त्याच्याच उबेने आतला ओलावा सुकतो. चिरे कापण्याचं काम चालू असेल तिथे ते जमिनीवर कधीच ठेवू नये. पंखा हवा खालून ओढतो आणि ती लाल धूळ पात्यांत जाऊन बसते. मी जाताना घडीचं स्टँड नेते, ते नसेल तर घरातला एखादा उंच पाट मागून घेते. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पंखे साफ करून घेते.

घ्यायच्या आधी आणखी एक चौकशी करा. बिघाड झाला तर माणूस तुमच्या गावी येऊन दुरुस्त करणार की यंत्र बाहेर पाठवावं लागणार, आणि किती दिवसांसाठी? घरी येऊन दुरुस्तीची हमी मिळत असेल तर तिचे जादा पैसे द्या. चवथीच्या तोंडावर यंत्र पेटीत बंद होऊन दुसऱ्या राज्यात जाणं मला तरी परवडणारं नाही.

ज्यांचं काम एकाच टेबलावर होतं, त्यांनी डेस्कटॉपच घ्यावा. हे मी तोंडावर सांगते आणि काही जण नाराज होतात. पणजीच्या आर्किटेक्चर कॉलेजातली मुलं आईवडिलांना घेऊन येतात, कर्ज काढून वर्कस्टेशन घ्यायची तयारी असते. त्यांना मी थांबवते. पहिल्या वर्षांना मधल्या किमतीचा गेमिंग लॅपटॉप भरपूर झाला, फक्त १६ जीबीवर न थांबता रॅम ३२ करून घ्या आणि रिकामा स्लॉट आहे ना, ते बघा. वाचलेल्या पैशांतून हातात मावणारा लेझर मीटर घ्या आणि सुट्टीत आजोळच्या घराचं मोजमाप काढा. काढलेलं मला आणून दाखवलंत तर मी बसून बघेन.