आई-बाबांसह स्वित्झर्लंड : पुण्यातून केलेल्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाचा वृत्तांत

माझे बाबा निवृत्त शिक्षक असून आईने आयुष्यभर घर सांभाळले आहे. दोघांनीही परदेश कधी पाहिला नव्हता, म्हणून मे महिन्यात सात रात्री स्वित्झर्लंड आणि चार रात्री पॅरिस असा प्रवास त्यांना घडवायचे मी ठरवले. प्रवास सुखाचा झाला. मात्र त्याआधीचे दोन महिने कागदपत्रांच्या जुळवाजुळवीत गेले, आणि पुण्यातून ज्येष्ठांना घेऊन निघणाऱ्यांना त्या दोन महिन्यांचा वृत्तांतच अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

युरोपातल्या शेंगेन क्षेत्रातील 29 देशांसाठी एकच व्हिसा चालतो, परंतु ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम समान असेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. सुरुवातीला आम्ही ज्या एजंटाकडे गेलो होतो, त्याने फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडेच अर्ज करू असे सुचवले. कागदावर पॅरिसच्या रात्री वाढवून दाखवायच्या आणि राहायचे मात्र स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला, हे मला मुळीच पटले नाही. आम्ही स्वित्झर्लंडच्या अपॉइंटमेंटसाठी दहा दिवस थांबलो आणि पुढचे सर्व काम स्वतःच केले.

तोपर्यंत त्या एजंटाच्या एका सल्ल्याने व्हायचे ते नुकसान झालेच होते. बचत खात्यात शिल्लक ठसठशीत दिसली पाहिजे असे सांगून त्याने बाबांना एक मुदत ठेव मोडायला लावली होती. त्यामुळे पासबुकात दरमहा पेन्शन जमा, वीजबिल, किराणा अशा साध्या नोंदींच्या खाली अचानक चार लाखांची रक्कम उभी राहिली. अर्ज दिल्यानंतर आठव्या दिवशी या रकमेचा खुलासा मागणारा ईमेल आला. आम्ही बँकेतून ठेव बंद केल्याची पावती घेतली, मूळ ठेव किती जुनी होती ते दाखवणारा उतारा जोडला आणि अर्ध्या पानाचे पत्र पाठवले. खुलासा मान्य झाला, पण व्याज बुडाले आणि आई-बाबांच्या काळजीला पारावार उरला नाही. मुदत ठेवी जशा आहेत तशाच राहू द्याव्यात आणि त्यांच्या पावत्यांच्या प्रती जोडाव्यात. खात्यात नेहमीपेक्षा वेगळी रक्कम आलीच असेल तर कोणी विचारण्याआधी आपणच तिचा खुलासा द्यावा.

खर्च मी करणार होते, त्यामुळे आमचे नाते सिद्ध करणे आवश्यक होते. लग्नानंतर माझे आडनाव बदलले असल्याने याची मला धास्ती होती. प्रत्यक्षात माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई आणि वडील या दोघांचीही नावे छापलेली आहेत, हे मी इतकी वर्षे नीट पाहिलेच नव्हते. त्या पानाची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडल्यावर हा प्रश्न मिटला. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे. आईच्या नावावर उत्पन्न नाही, म्हणून तिचे आयकर विवरणपत्रही नाही. ही बाब मी कव्हरिंग लेटरमध्ये एका सरळ वाक्यात लिहिली. माझ्या मते संपूर्ण फाईलमध्ये हे पत्रच सर्वांत महत्त्वाचे असते, कारण कोण जात आहे, किती दिवस, कोणाच्या पैशाने आणि परत येण्याचे कारण काय, हे सारे अधिकाऱ्याला तिथे एकत्र वाचायला मिळते.

अर्ज केंद्रात फक्त कागदपत्रे घेतली जातात, निर्णय दूतावासाचा असतो; म्हणून खिडकीवरील कर्मचाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. भांडी, धुणी, शेगडी यांत पन्नास वर्षे गेलेली ती बोटे गुळगुळीत झाली होती. कर्मचारी मुलीने न कंटाळता ओल्या कागदाने तिची बोटे पुसली, "काकू, जरा दाबून धरा," असे म्हणत चौथ्या प्रयत्नाला ठसे घेतले. ज्येष्ठांसोबत जाताना दिवसभराची मोकळीक ठेवावी आणि त्या आठवड्यात हाताला मेंदी लावू नये.

प्रौढांचे शुल्क 90 युरो असून ते रुपयांत घेतात. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, आणि व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारा हवा. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान तीन महिने उरलेली असावी. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयास साधारण 15 दिवस लागतात, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. आमचा व्हिसा चोविसाव्या दिवशी आला. विमानाचे तिकीट आणि हॉटेल रद्द करता येईल असेच घ्यावे.

पासपोर्ट हातात पडताच स्टिकरवरील नाव, तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या तिथेच तपासावी. एकाच प्रवेशाचा व्हिसा असताना मध्येच शेंगेनबाहेरच्या लंडनला जाऊन आले तर पुन्हा आत येता येत नाही.

झुरिकला अधिकाऱ्याने परतीचे तिकीट आणि हॉटेलचे कागद मागितले. फाईल सामानात न टाकता बाबांच्या खांद्यावरील पिशवीत ठेवली होती, म्हणून दोन मिनिटांत काम झाले. चौथ्या दिवशी 3,454 मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोखला आईने पहिल्यांदा बर्फ हातात घेतला. बोटांचे ठसे 59 महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे पुढच्या वेळी तिला सहसा त्या यंत्रासमोर उभे राहावे लागणार नाही.