डबा कामाचा होता

नागपुरात घट्ट झाकणाचा डबा बेवारस राहत नाही. चारही बाजूंनी खटाखट लागणारं झाकण, आत रबराची पट्टी, असा डबा झाडाच्या बुंध्याशी दगडाआड दिसला की पाहणाऱ्याच्या मनात आधी तिखट येतं, मग मीठ, मग लोणचं. आपण चोरी करतोय हे बहुधा मनात येतच नाही. मी जिओकॅशिंगच्या नादी लागलेली, शहरात स्वतःच्या डब्या लपवून ठेवणारी बाई आहे. इतकी वर्षं हे पाहून आता मला त्या माणसाचा राग येत नाही. आपल्या डब्याची निवड त्याला पटली, एवढंच कळतं.

खेळ साधा आहे. एकाने डबी लपवायची आणि तिचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर करायचे. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन शोधायची, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी ठेवून यायची. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे भरकटवणारं यंत्र एकाएकी ठरावीक झाडापर्यंत नेऊन सोडायला लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, व्हिडिओ, गलोल, थोडे पैसे आणि बीन्सचा एक डबा. ती पहिली. आज तिथे बादली नाही, तिच्या नावाची पाटी आहे. माझी एखादी डबी गेली की मी त्या पाटीची आठवण काढते. खुद्द मूळपुरुषाची टिकली नाही, तिथे माझी काय कथा!

डबीतल्या चिल्लर वस्तूंचा नियमही आपल्या ओळखीचाच आहे. एखादी वस्तू आवडली तर घ्या, पण तितक्याच मोलाचं काहीतरी ठेवा. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, हे ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त शेजारीण कोण हे माहीत असतं. झाडाखालच्या डब्याला शेजारीण नाही.

पण खरं सांगायचं तर चोरांपेक्षा जास्त डबे इथलं ऊन खातं. नवतप्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कुंपणाच्या लोखंडाला हात लागत नाही. तिथे चिकटवलेल्या बिचाऱ्या प्लास्टिकने काय करावं? स्वस्त डब्याचे कान आधी तुटतात. मग रबर कडक होऊन उचकटतं. हे सगळं मे महिन्यात गुपचूप होतं आणि कळतं जूनच्या शेवटी, पहिले दोन-चार पाऊस पडून गेल्यावर. डबा जागेवरच असतो, बाहेरून धडधाकट दिसतो. उघडावा तर आत वहीचा लगदा. लोक सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. त्या पाणी शोषतात हे खरं, पण एकदा पोट भरलं की त्याच ओल धरून बसतात. मी पेनही ठेवत नाही. शाई पसरते, पेन्सिल टिकते. तेवढ्यावरही उधई लागते ती लागतेच.

मालकाला हे सगळं सांभाळायचं असतं. कुणी 'सापडली नाही' असं नोंदवलं की पहिला प्रश्न हाच पडतो, की डबी गेली की यालाच दिसली नाही? एका नोंदीने हलायचं नाही, असं मी ठरवलं आहे. नवखा माणूस पाच मिनिटं बघतो आणि निराश होतो. शिवाय दाट झाडीखाली मोबाइल दहा मीटर सहज चुकतो. पण नेहमीच्या शोधणाऱ्यांपैकी दोघांनी पाठोपाठ तसं लिहिलं, की चप्पल घालायची. डबी नसेल तर संकेतस्थळावरच्या तिच्या पानावर ती तात्पुरती बंद करायची आणि महिनाभरात काहीतरी करायचं. मालक गप्प राहिला तर संकेतस्थळाचा समीक्षक ती आर्काइव्ह करतो, म्हणजे यादीतून काढून टाकतो. मग ती जागा मोकळी होते आणि दुसरं कुणीही तिथे आपली डबी लावू शकतं. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं असा नियम असल्यामुळे शहरातल्या चांगल्या जागांवर लोकांचा डोळा असतोच. प्लॉटवर नजर ठेवणाऱ्या गावात याचं नवल वाटू नये.

उपकार करणारे तर चोरांहून अवघड. परगावचा एक शोधक सेमिनरी हिल्सवर येऊन गेला. त्याला माझी डबी दिसली नाही. 'गेलेली दिसते' असं स्वतःच ठरवून त्याने खिशातली फिल्मच्या रोलची डबी तिथेच दगडाखाली ठेवली, तीत आपलं नाव लिहिलं आणि 'सापडली' म्हणून नोंदवून टाकलं. माझी होती तिथेच होती, हातभर अंतरावर. पुढचे कित्येक महिने अर्धे लोक एका डबीत सह्या करत होते, अर्धे दुसरीत. खेळात असं करू नये असा संकेत आहे, आणि माझ्या मते तो चोरी न करण्याच्या संकेताहून जास्त पाळायला हवा. चोराने नेलं की निदान हिशेब स्पष्ट राहतो.

आता पानठेल्याची गोष्ट. माझी एक डबी फुटाळा तलावाच्या बाजूला आहे, पलीकडे एक पानठेला. ठेलेवाल्या भाऊंना मी आधीच विश्वासात घेतलं होतं, कारण झाडापाशी वाकून काहीतरी चाचपणारा माणूस कुणाच्याही नजरेत भरतो. मला स्वतःला "काकू, काही हारपलं का?" असं विचारून मदतीला वाकणारे सज्जन ठायी ठायी भेटले आहेत. म्हणूनच स्टेशन, कोर्ट, मोठी देवळं यांच्या आसपास मी कधी काही लपवत नाही. तेव्हा डबेही पारदर्शक घेत असे आणि आत मराठी-हिंदीत चिठ्ठी ठेवत असे, की हा खेळ आहे, यात धोक्याचं काही नाही, कृपया जागेवर ठेवा.

तर तो डबा गेला. मी भाऊंना विचारलं.

"एक पोट्टा आला होता ना काकू. डबा काढला, उघडून पाह्यला, घेऊन गेला."

"मग तुम्ही काही बोलला नाही?"

"मले वाटलं तुमच्या खेळातलाच आहे. तेही असेच वाकून वाकून पाह्यतात."

यावर मी काय बोलणार? झाडाशी गेले. दगडाच्या खोबणीत वही नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोरा बांधून ठेवलेली. शेवटच्या पानावर, माझ्याच पेन्सिलीने: 'डबा कामाचा होता जी. कागद तुमचे ठेवून दिले.'

वही वाचली याचा मला जो आनंद झाला तो घरी कुणाला पटवता आला नाही. डबा बाजारात मिळतो. वहीत मात्र कुणीतरी लिहिलेलं असतं, की बदली होऊन आज शहर सोडतोय, शेवटची ही डबी शोधली. कुणा लहान मुलीने स्वतःचं नाव दोनदा लिहिलेलं असतं, कारण पहिल्यांदा वेलांटी चुकली. वही गेली की हे गेलं. पानाचा फोटो काढून ठेवते, पण तो फोटोच.

याहून जास्त टोचतं ते दुसऱ्याचं काही आपल्या डबीतून जाणं. या खेळात क्रमांक कोरलेले धातूचे बिल्ले असतात. एक माणूस तो या डबीतून उचलतो, दुसऱ्या गावच्या डबीत टाकतो आणि मूळ मालक घरी बसून त्याचा प्रवास पाहतो. जर्मनीतून निघालेला असा एक बिल्ला माझ्या डबीपर्यंत आला आणि डबीसकट नाहीसा झाला. मालकाने अगदी नम्रपणे विचारलं, काही कळलं का? मी काय कळवू? हाच, की नागपुरात एखाद्या ॲक्टिव्हाच्या किल्लीला तो लटकला असेल आणि रोज धरमपेठ ते इतवारी प्रवास करत असेल? जवळपास तसंच कळवलं. त्याला ते आवडलं असावं, कारण त्याने तो बिल्ला 'हरवला' असं अजून लावलेलं नाही.

एका डबीचा मात्र मी शोधही घेतला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधली घरं झोपेतच पाण्यात गेली. नाग नदीच्या काठाला माझी एक डबी होती. लोक अंगणात गाद्या, फ्रिज, मुलांची दप्तरं वाळत घालत होते. अशा वेळी तिथे वाकून काय शोधायचं? ती मी त्याच आठवड्यात आर्काइव्ह केली. ती जागा कुणी घेतली तर घ्यावी.

आता मी चांगले डबे घेत नाही. पाण्याची बाटली फुगवून तयार होण्याआधी ती एक जाड, परीक्षानळीसारखी नळी असते, तिला प्रीफॉर्म म्हणतात. तिला आटे असतात, झाकण गच्च बसतं, ऊन बऱ्यापैकी सोसते आणि मुख्य म्हणजे तीत लोणचं घालावं असं कुणाला वाटत नाही. वर मातकट कापडी टेप गुंडाळला की ती इतकी कळकट दिसते, की सफाईवाल्या मावशींनी उचलू नये म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागते. वही मोठी मावत नाही, कागदाची गुंडाळी करावी लागते. लहान मुलींना दोनदा नाव लिहायला जागा कमी पडते, हा तोटा आहे.

फुटाळ्याची नवी नळी लावली तेव्हा भाऊ पान लावता लावता बघत होते. म्हणाले, "ठेल्यातच ठेवा ना काकू. कोणी आलं का मी देतो काढून."

मी म्हटलं, "अहो, मग शोधायचं काय त्यांनी?"

त्यांनी चुना पुसत जरा विचार केला. "बरं, लगेच नाही देत. पाच-दहा मिनिटं फिरू देतो इकडंतिकडं. लईच परेशान झाले तर देतो."