एमआरआयची सीडी तिथेच उघडून बघा: एका वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या निमित्ताने माझा अनुभव

एमआरआय झाल्यावर सेंटरच्या काउंटरवरून हलायच्या आधी सीडी उघडून बघा. घरी जाऊन नाही, तिथेच. एवढं एक न केल्यामुळे १९ वर्षांच्या एका गोलंदाजाचे सतरा दिवस फुकट गेले. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून त्याच्याबरोबर होतो आणि तो काउंटर आठवला की अजूनही डोकं तापतं.

मुलगा उजव्या हाताने वेगवान टाकतो, दुखणं कमरेच्या डाव्या बाजूला. वेगवान गोलंदाजांत हे नेहमीचंच. चेंडू सोडताना कंबर एकाच वेळी मागे जाते, बाजूला झुकते आणि वळते. तो सगळा भार गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या पार्सवर येतो. पार्स म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीत वरचा आणि खालचा सांधा जोडणारा हाडाचा अरुंद पूल. एका पायावर उभं करून मागे वाकवलं की पोरगा बरोबर त्याच जागी बोट ठेवतो. एक्स-रे स्वच्छ आला, आणि सुरुवातीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या चिरेत, तो बहुतेकदा तसाच येतो. ऑर्थोपेडिक सरांनी एमआरआय लिहून दिला, तीन दिवसांत नंबर लागला. इथवर कुठे काही अडलं नाही.

चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय एलएस स्पाइन’ (कमरेच्या मणक्यांचा एमआरआय) लिहिलेलं असेल तर थांबा. तसं लिहिलं की नेहमीचा, म्हणजे गादी सरकली का ते बघणारा एमआरआय होतो. त्यात आडव्या स्लाइस फक्त गाद्यांच्या पातळीवर, गादीच्या कोनात घेतात. पार्स असतो दोन गाद्यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे नेमका सोडलेल्या भागात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: ‘पार्स स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका’, ‘स्टिर सॅजिटल, दोन्ही बाजूंचे पार्स आणि पेडिकल पूर्ण येतील इतकं रुंद’, आणि ‘एल-३ ते एस-१ सलग आडव्या स्लाइस, मध्ये गॅप न ठेवता’. स्टिर ही एमआरआयची एक पद्धत, सॅजिटल म्हणजे बाजूने घेतलेले उभे काप, पेडिकल म्हणजे कमान मणक्याच्या पुढच्या भागाला जोडणारा हाडाचा दांडा, आणि एल-३ ते एस-१ हे कमरेच्या खालच्या मणक्यांचे क्रमांक. स्टिरमध्ये चरबीचा सिग्नल दाबला जातो, त्यामुळे हाडातली सूज पांढरी उठून दिसते. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) लागत नाही, म्हणून उपाशी राहायचीही गरज नाही. आमच्या चिठ्ठीवर हे सगळं होतं आणि टेक्निशियनने ते नीट केलंही. रिपोर्ट आला: एल-५, डावा पार्स, सूज आणि चिरेची अर्धवट रेष. तीन महिने बोलिंग बंद. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर नेट चालू असताना त्याने कडेला उभं राहून पोटाचे आणि नितंबाचे व्यायाम करायचे, असं ठरलं.

खरी रड सुरू झाली तीन महिन्यांनी. दुखणं कमी झालं होतं, पण गेलं नव्हतं. दुसरा एमआरआय त्याच सेंटरला, त्याच मशीनवर केला, म्हणजे तुलना सरळ होते. मुंबईतल्या एका इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टची, म्हणजे स्कॅनवर बघत सुईने उपचार करणाऱ्या डॉक्टरांची, वेळ घेतली. त्यांचा प्रश्न एकच होता: हाड अजून जुळतंय, की जुळायचं थांबलंय? सूज अजून असेल तर हाडाचं काम चालू आहे, वाट बघायची. सूज गेली आणि रेष राहिली असेल, तर दुखणं खरंच त्या रेषेतूनच येतंय का हे सीटीवर बघत सुई घालून, भुलीचं औषध सोडून तपासता येतं. हे ठरवायचं तर दोन्ही एमआरआय एका स्क्रीनवर शेजारी-शेजारी लागतात. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली, त्यांच्या टेबलावर दोन्ही सीडी ठेवल्या. दुसऱ्या एमआरआयची नीट उघडली. पहिलीत निघाल्या २२ जेपीजी फाइली.

म्हणजे फिल्मवर छापलेल्या चित्रांचेच फोटो. मूळ तपासणीत पाच सिरीज (एकाच पद्धतीने घेतलेल्या स्लाइसचे संच) मिळून शंभरावर प्रतिमा होत्या. जेपीजीत एक तर मोजक्याच स्लाइस असतात, वर त्यांचं विंडोइंग करता येत नाही, म्हणजे काळं-पांढरं कमीजास्त करून सूज बघता येत नाही. स्लाइस वर-खाली सरकवून रेष कुठून कुठे जाते ते कळत नाही, आणि मोजमापाचा भरवसा उरत नाही. डॉक्टरांनी ‘मूळ डायकॉम आणा’ म्हणून परत पाठवलं. डायकॉम म्हणजे रेडिओलॉजीच्या प्रतिमांचं जगभर चालणारं प्रमाण स्वरूप. प्रत्येक फाइलमध्ये चित्राबरोबर पेशंटचं नाव, स्लाइसची जाडी, सिरीज, तारीख असं सगळं बसलेलं असतं.

नाशिकला परत, त्याच काउंटरवर. “फिल्म दिलीय ना सर? रिपोर्ट पण दिलाय. अजून काय पाहिजे?” मी डायकॉम म्हटलं. “सीडी तर दिलीय.” सीडीत काय आहे ते दाखवलं. “आमच्याकडून असंच देतात.” दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तीन महिन्यांपूर्वीचा डेटा मशीनवर राहत नाही. हे अर्धं खरं आहे. मशीनच्या कन्सोलची डिस्क भरली की जुन्या तपासण्या पुसल्या जातात. पण बहुतेक ठिकाणी वेगळं आर्काइव्ह, म्हणजे जुन्या प्रतिमांचा साठा, असतं, आणि तिथे बघितलं का, हा प्रश्न विचारावा लागतो. विचारला. चार दिवस “टेक्निशियन सुट्टीवर आहे”. मग “सर्चमध्ये नाव येत नाही”.

नाव येत नव्हतं, कारण पहिल्या वेळी काउंटरवर आधी आडनाव घातलं होतं आणि दुसऱ्या वेळी आधी मुलाचं नाव. दोन आयडी तयार झाले होते, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे पेशंट. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आयडी आणि तारीख छापलेली असते. ती मी भिंगाने वाचून लिहून दिली, आणि तारखेने शोधा म्हणून सांगितलं. एका मिनिटाचं काम, पण ते करायला कोणी खुर्ची सरकवेना.

शेवटी लेखी अर्ज दिला. मुलगा १९ वर्षांचा, त्यामुळे सही त्याचीच. अठराच्या आतला असेल तर आई-वडिलांची लागते. अर्जात तपासणीची तारीख, आयडी, ‘मूळ डायकॉम प्रतिमा, सर्व सिरीज’ हे शब्द, आणि इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ सालच्या आचारसंहितेच्या नियमांचा उल्लेख केला. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने नोंदी मागितल्यावर डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्याव्यात, असं त्यात आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तारीख आणि शिक्का दोन्ही. अर्ज काउंटरवर नाही, थेट रेडिओलॉजिस्टच्या नावाने द्या, कारण नोंदणीकृत डॉक्टर ते आहेत. आमचा अर्ज आत गेला आणि दुसऱ्याच दिवशी आर्काइव्हमधून तपासणी सापडली. तारखेनेच.

पेनड्राइव्ह नेताना नवी, पाकीट न फोडलेली न्या. व्हायरसच्या भीतीने वापरलेली घेत नाहीत, आणि ती भीती रास्त आहे. कमरेचा एमआरआय बहुतेक वेळा काहीशे एमबीच्या आतच बसतो.

काउंटरवर बघायचं काय, तर आधी सीडीत ‘डायकॉमडीआयआर’ नावाची फाइल आहे का. मग बरोबरचा व्ह्यूअर उघडून डावीकडे सिरीज मोजा. टी-१, टी-२ (याही एमआरआयच्या पद्धती), स्टिर आणि आडव्या स्लाइस वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. एका सिरीजवर माउसचं चाक फिरवा. चित्र सरकलं, कोपऱ्यात स्लाइसची जाडी दिसली, तर मूळ प्रतिमा आहेत. सीडीतला व्ह्यूअर बहुधा फक्त विंडोजवर चालतो. मॅक असेल तर होरॉस, नाहीतर कुठल्याही मशीनवर वीसिस, दोन्ही फुकट. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवा म्हणा, लाजू नका. आणि घरी गेल्या गेल्या सगळं फोल्डर दोन जागी उतरवून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिल्मचा फोटो पाठवून कोणाकडून पार्सचं निदान मागू नका.

दुसऱ्या खेपेला मुंबईत दोन्ही स्टिर शेजारी लागले. पहिल्यात डाव्या पेडिकलपर्यंत पांढरा डाग, दुसऱ्यात तो पुसट झालेला, पण पुरता गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले, अजून जुळतंय, सुई नको. भुलीबरोबर स्टिरॉइड गेलं असतं तर दुखणं दबलं असतं, आणि पोरगा अर्धवट हाडावर पळायला लागला असता. नुसत्या रिपोर्टच्या दोन कागदांवरून हा फरक कळला नसता. आता सहा आठवड्यांनी फक्त एल-५ पुरता, पातळ स्लाइसचा मर्यादित सीटी, रेष भरली का एवढं बघायला. सगळ्या कमरेचा सीटी करून तरुण पोराला जास्तीचं रेडिएशन द्यायचं कारण नाही.

स्टिरॉइडवरून आठवलं. पुढे कधी इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर खेळाडूंनी औषधाचं नाव आणि तारीख लिहून घ्यावी. १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत स्पर्धाकाळात ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, म्हणजे याच जातीच्या स्टिरॉइडचं, कुठलंही इंजेक्शन चालत नाही, मग ते सांध्यातलं असो की पाठीच्या कण्यातलं एपिड्युरल. अशा स्थानिक इंजेक्शननंतर बहुतेक औषधांना स्पर्धेआधी ३ दिवसांचं अंतर सांगितलंय, पण ट्रायमसिनोलोन अॅसिटोनाइडला १० दिवसांचं. स्पर्धा त्याच्या आत येत असेल तर नाडाकडे (भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे) उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करावा लागतो.

संशोधनासाठी कोणी तुमच्या प्रतिमा मागितल्या, तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र बघा, संमतीपत्राची प्रत घ्या, आणि नाव, आयडी, जन्मतारीख फाइलच्या आतून काढणार का ते विचारा. चित्रावरचं नाव झाकलं तरी फाइलच्या आत ते तसंच राहतं.

आणि एमआरआयला जाताना सुती कपडे. घट्ट स्पोर्ट्स टी-शर्टच्या कापडात कधी कधी चांदीचे किंवा धातूचे धागे असतात, ते मशीनमध्ये तापून कातडी भाजू शकते. कडं, चेन आधीच काढून ठेवा.