वूस्टरच्या मैदानाकडे पायी जाऊ नका: इंग्लंड-वेल्समधील व्यावसायिक रग्बीच्या खुणांचा प्रवास

व्यावसायिक रग्बी युनियनचा, म्हणजे पंधरा खेळाडूंच्या रग्बीचा, इतिहास इंग्लंड आणि वेल्समधील मैदाने पाहत समजून घ्यायचा असेल, तर "सर्व मैदाने रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत" या आश्वासनावर कोणीही विसंबू नये. हे आश्वासन मला एका सहल कंपनीने चांगली किंमत घेऊन विकलेल्या मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत छापलेले होते. हडर्सफील्ड, रिचमंड, ग्लॉस्टर, कार्डिफ आणि पॉन्टिप्रिड या ठिकाणांपुरते ते खरे आहे, मात्र वूस्टरच्या बाबतीत ते धडधडीत खोटे आहे. हा वृत्तांत लिहिण्याचे मुख्य कारण तेच असल्यामुळे त्या टप्प्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालण्याची सवय, पाणी आत न शिरणारे बूट आणि टोपीचा रेनकोट हे मी गृहीत धरले आहे. नोव्हेंबरात तिकडे दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडू लागतो, एवढे मात्र वेळापत्रक आखतानाच लक्षात घ्यावे.

सुरुवात हडर्सफील्डपासून करावी, कारण पैशाचा प्रश्न तेथूनच सुरू झाला. स्थानकातून बाहेर पडताच चौकात जॉर्ज हॉटेलची जुनी दगडी इमारत दिसते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधील वीसहून अधिक क्लब येथे मूळ संघटनेतून बाहेर पडले. शनिवारच्या सामन्यासाठी गिरणी आणि खाणकामगारांची मजुरी बुडत असे, आणि ती भरून द्यावी एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या धुरीणांनी ती फेटाळली. पुढे या क्लबांचा खेळ रग्बी लीग म्हणून वेगळा झाला, आणि रग्बी युनियनने त्यानंतर शंभर वर्षे खेळाडूला पैसे देणे हा गुन्हाच मानला. हॉटेल २०१३ मध्ये बंद पडले, त्यामुळे इमारत बाहेरून पाहून पुढची गाडी पकडावी. येथे मुक्काम करण्याची काहीही गरज नाही.

शंभर वर्षांची ती भिंत २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमधील बैठकीत पडली. रग्बी युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष व्हर्नन प्यू यांनी खेळ सर्वांसाठी खुला झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या वाचकांना यातला एक दुवा ओळखीचा वाटेल. १९७७ मध्ये क्रिकेटपटूंना आपल्याकडे ओढून जगभर खळबळ उडवणारे केरी पॅकर यांचे नाव १९९५ साली रग्बीच्या अशाच एका योजनेमागेही होते, आणि दक्षिण गोलार्धातील तीन देशांनी त्याच सुमारास रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांचा ५५ कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार केला होता. खेळाडू हातचे जाणार हे दिसत असताना मंडळापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. आयर्लंडच्या संघटनेने खेळाडूंचे करार आपल्या हाती घेऊन चार प्रांतांचे संघ उभे केले. इंग्लंडच्या संघटनेने मात्र एक वर्ष थांबून पाहण्याचे ठरवले आणि त्या वर्षभरात धनिकांनी क्लब विकत घेऊन खेळाडूंशी थेट करार केले. सर जॉन हॉल यांनी न्यूकॅसल, नायजेल रे यांनी सारासेन्स, तर अ‍ॅशली लेव्हेट यांनी रिचमंड घेतले. माझे ठाम मत असे की इंग्लिश क्लबांच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ या एका वर्षाच्या दिरंगाईत आहे. हे मनात ठेवून मैदाने पाहिली, तरच या प्रवासाला अर्थ आहे.

लंडनमधील रिचमंड मुळीच चुकवू नये. १८६१ साली स्थापन झालेला हा क्लब पैशाच्या जोरावर पहिल्या श्रेणीत गेला, मोठ्या प्रेक्षागारासाठी आपले गाव सोडून रेडिंगच्या फुटबॉल मैदानावर खेळू लागला, आणि मालकाने हात आखडता घेताच १९९९ मध्ये कोसळला. त्याचा व्यावसायिक संघ आणि लंडन स्कॉटिश हा क्लब हे दोन्ही लंडन आयरिश या तिसऱ्या क्लबात विलीन करण्यात आले. सभासदांनी मात्र क्लबचे नाव टाकले नाही. त्यांनी सर्वांत तळाच्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात केली, आणि २०२५-२६ च्या हंगामात रिचमंड पुन्हा दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. मैदान स्थानकापासून अगदी जवळ आहे. तारांच्या कुंपणाऐवजी साधा पांढरा कठडा, त्याला टेकून उभे असलेले वृद्ध सभासद आणि स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघ घट्ट भिडून रेटारेटी करतात तेव्हा, एकमेकांवर आदळणाऱ्या खांद्यांचा स्पष्ट ऐकू येणारा आवाज, हे सारे येथे हातभर अंतरावरून अनुभवता येते. मोठ्या क्लबाच्या तिकिटाऐवजी येथील एक सामना पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कॉव्हेंट्रीमध्ये दोन मैदाने आहेत आणि मार्गदर्शिकेत नेमके चुकीचे मैदान महत्त्वाचे ठरवले आहे. शहराबाहेरच्या मोठ्या प्रेक्षागाराला आता स्वतःचे रेल्वे स्थानक आहे, पण तेथे रग्बीचे काहीही उरलेले नाही. १८६७ साली स्थापन झालेला वॉस्प्स हा लंडनचा क्लब सडबरी, लॉफ्टस रोड आणि हाय विकम असा फिरत २०१४ मध्ये येथे आला. डिसेंबरातल्या पहिल्याच सामन्याला २८,२५४ प्रेक्षक आले होते. २००४ आणि २००७ अशी दोन युरोपीय विजेतेपदे मिळवलेला हा क्लब प्रेक्षागारासाठी काढलेल्या साडेतीन कोटी पौंडांच्या रोख्यांचे ओझे पेलू शकला नाही आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रशासकांच्या, म्हणजे दिवाळखोर संस्थेचा कारभार हाती घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, ताब्यात गेला. काचेच्या दारांपलीकडे पाहण्यासारखे काही नाही, म्हणून हा फेरा वगळावा. त्याऐवजी मुख्य स्थानकापासून थोड्या अंतरावरील बट्स पार्क गाठावे. १८७४ चा मूळ कॉव्हेंट्री क्लब तेथे आजही खेळतो. १९७३ आणि १९७४ असा लागोपाठ दोनदा राष्ट्रीय चषक जिंकलेल्या या क्लबाची आठवण गावातील जुन्या लोकांकडून ऐकण्यासारखी आहे.

आता वूस्टर. सिक्सवेज हे मैदान शहरात नाही. ते मोटारमार्गाच्या सहाव्या जंक्शनला लागून आहे आणि श्रब हिल स्थानकापासून रस्त्याने सुमारे पाच किलोमीटर पडते. वूस्टरशायर पार्कवे हे नवे स्थानक नकाशात सोयीचे दिसते, पण ते आणखी दूर आहे. त्या नावाला भुलून तेथे उतरू नये. पाच किलोमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाचणाऱ्याला वाटेल, आणि शहरातील वस्तीतून जाणारा निम्मा रस्ता खरोखरच त्रासाचा नाही. वस्ती संपली की मात्र चालणाऱ्याचा विचारच कोणी केलेला नाही, हे पावलोपावली कळते. मी ज्या बाजूने चालत होतो त्या बाजूची पायवाट कोणतीही सूचना न देता एका कुंपणापाशी संपली. पुढे गुडघाभर ओले गवत, त्याखाली न दिसणारे खळगे, आणि एका हाताच्या अंतरावरून जाणारे मालट्रक होते. प्रत्येक ट्रकमागून काळ्या पाण्याचा फवारा अंगावर येत होता, आणि तो चेहऱ्यावर बसला की काही क्षण समोरचे काहीही दिसत नसे. गोल चौकात रस्ता ओलांडण्यासाठी वाहनांमधली फट मिळेपर्यंत बराच वेळ ताटकळावे लागले. दिवस मावळल्यावर ही वाट कोणीही, कितीही तंदुरुस्त असला तरी, धरू नये. येथे प्रश्न दमाचा नसून जिवाचा आहे.

परतीच्या वेळी दुसरा फटका बसला. टॅक्सीवाल्याने आधी दर न सांगता शहरात पोहोचल्यावर २५ पौंड मागितले. हा दर अव्वाच्या सव्वा होता आणि वाद घालून काही उपयोग झाला नाही. अशा गाड्यांमध्ये बहुधा मीटर चालू नसतो. फोनवर गाडी ठरवतानाच पूर्ण रक्कम विचारून घ्यावी आणि ती संदेशाने लिहून मागावी. सामना नसलेल्या दिवशी मैदान पाहायला जाऊच नये. सामन्याच्या दिवशी शहरातून काय सोय आहे हे क्लबाच्या तिकीट खिडकीला आठवडाभर आधी विचारावे, आणि तीन-चार जणांनी मिळून गाडी करावी.

एवढा त्रास असूनही सिक्सवेजला जावे का? जावे, आणि सामन्याच्या दिवशीच जावे. १८७१ साली स्थापन झालेला वूस्टर क्लब १९७५ पासून याच जागी आहे. उष्णजलाच्या बॉयलरच्या व्यवसायातून पुढे आलेले स्थानिक उद्योजक सेसिल डकवर्थ यांच्या पाठबळाने तो एकेक पायरी चढत २००४ मध्ये पहिल्या श्रेणीत गेला. वॉस्प्सप्रमाणे त्याने गाव सोडले नाही, तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये तो प्रशासकांच्या हाती गेला आणि पुढच्याच महिन्यात न्यायालयाच्या आदेशाने खेळाडूंचे करार एका दिवसात रद्द झाले. मैदानाभोवतीच्या जमिनीचे व्यवहार संघापासून वेगळे होत गेले की गावात राहूनही क्लब वाचत नाही, हे येथे समजते. जून २०२३ मध्ये लंडन आयरिशही पहिल्या श्रेणीतून बाद झाला. एकाच हंगामात त्या श्रेणीतल्या तेरा क्लबांचे दहा झाले. ज्या स्पर्धेतील २७ टक्के हिस्सा एका गुंतवणूक कंपनीने २० कोटी पौंडांहून अधिक मोजून घेतला होता, तिची ही अवस्था होती. वूस्टर २०२५-२६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत परतला. बंद दारांवरच्या कुलपांची तीन वर्षे पाहिलेले प्रेक्षक संघ मैदानात उतरताना ज्या आवाजाने उभे राहतात, तो ऐकताना माझा ओल्या बुटांचा राग तेवढ्यापुरता विरून गेला.

बाथ आणि ग्लॉस्टर सोपे, सुखाचे आणि सर्वांना ठाऊक असलेले आहेत. बाथने १९९८ मध्ये, इंग्लिश क्लबांपैकी सर्वप्रथम, युरोपीय चषक जिंकला. ग्लॉस्टरचा क्लब १८९१ पासून किंग्जहोमवरच आहे. दोन्हीकडे चालत जाता येते. याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

कार्डिफबाबत मार्गदर्शिकेतील आणखी एक चूक दुरुस्त करणे आवश्यक आहे. युरोपीय चषकाचा पहिला अंतिम सामना ७ जानेवारी १९९६ रोजी झाला आणि फ्रान्सच्या तुलूझने कार्डिफला जादा वेळेत २१-१८ असे हरवले, हे खरे आहे. परंतु तो आज दिसणाऱ्या क्लबाच्या मैदानावर झाला नाही. तो शेजारच्या राष्ट्रीय प्रेक्षागारात झाला, आणि ते पाडून त्याच जागेवर १९९९ मध्ये आजचे छत असलेले भव्य प्रेक्षागार उभे राहिले. ज्याला ती जागा पाहायची असेल त्याने मोठ्या प्रेक्षागाराची फेरी घ्यावी; क्लबाच्या मैदानावर ती शोधत बसू नये. कार्डिफ क्लबही एप्रिल २०२५ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेला होता आणि वेल्सच्या संघटनेने तो आपल्याकडे घेतला, एवढे ध्यानात ठेवून तिकीट काढावे.

संपूर्ण प्रवासातील सर्वोत्तम ठिकाण मात्र पॉन्टिप्रिड आहे, आणि ते मार्गदर्शिकेत एका ओळीत उरकले आहे. कार्डिफहून लोकल गाडीने सुमारे अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते आणि सार्डिस रोडचे मैदान स्थानकापासून काही मिनिटांवर आहे. वेल्सचे नामवंत खेळाडू नील जेंकिन्स यांचा हा क्लब १९९७ मध्ये वेल्सचा विजेता झाला. २००३ मध्ये वेल्सच्या संघटनेने क्लबांऐवजी पाच प्रादेशिक संघ केले, तेव्हा पॉन्टिप्रिड आणि ब्रिजेंड यांचा मिळून सेल्टिक वॉरियर्स तयार झाला, आणि एका हंगामानंतर तो मोडीत काढण्यात आला. पॉन्टिप्रिडच्या आसपासच्या दऱ्यांमधल्या लोकांच्या वाट्याला त्यानंतर सर्वोच्च श्रेणीचा स्वतःचा संघ आलेला नाही. मी गेलो त्या शनिवारी पाऊस आडवा लागला होता, छप्पर होते तेवढी जागा भरली होती, आणि उरलेले लोक पावसात उभे राहून शेवटपर्यंत गात होते. इतका आनंद मला या प्रवासात इतर कोठेही मिळाला नाही. माझ्या मते वूस्टर वगळावे लागले तरी चालेल, पॉन्टिप्रिड वगळता येणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: हडर्सफील्ड आणि कॉव्हेंट्री आठवड्याच्या मधल्या दिवसांत उरकावे, एक शनिवार पॉन्टिप्रिडला द्यावा, आणि वूस्टरचा घरचा सामना ज्या शनिवार-रविवारी असेल त्याप्रमाणे उरलेला बेत आखावा. रविवारी रुळांच्या कामामुळे रेल्वेऐवजी बस देण्याचा प्रकार वारंवार घडतो, त्यामुळे रविवारचा प्रवास असेल तर आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा तपासावे. परतीचे तिकीट शेवटच्या गाडीचे काढू नये.