परागकण, डब्यावरचं १०००एक्स आणि दापोलीची थंडी

यंदा आंब्याचा मोहोर बघून बाबा खूष होते, दापोलीत थंडीही मस्त पडलेली, पण कलमांवर कणी, म्हणजे बारीक फळ, धरेना. तुडतुडे किडे नाहीत, भुरी रोग नाही. म्हटलं एकदा परागकणच बघू.

आधी ऑनलाइन यूएसबी मायक्रोस्कोप मागवला, डब्यावर १०००एक्स, म्हणजे हजारपट. लॅपटॉपला जोडल्यावर फूल झकास दिसलं पण पराग म्हणजे नुसती पिवळट धूळ, कारण ते १००० म्हणजे स्क्रीनवर ताणलेलं चित्र. पैसे गेले. मग जुना कॉलेजवाला मायक्रोस्कोप मिळवला, आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी कॅमेरा बसवला, ४० पटीची लेन्स लावली आणि काम झालं.

आंब्याच्या फुलात बहुतेक वेळा एकच पुंकेसर कामाचा, बाकीचे वांझ. त्याचं टोक सकाळी गुलाबी असतं, ऊन चढलं की जांभळट होऊन फुटतं, तेव्हाच ते सुईने स्लाइडवर झटकायचं. अॅसिटोकार्मिन नावाचा रंग टाकला की भरलेले कण लाल, पोकळ कण बिनरंगाचे. माझे जवळजवळ सगळे लाल! मी तर जिंकलोच होतो, पण हा रंग नुकत्याच मेलेल्या कणालाही चढतो, हे नंतर कळलं.

म्हणून ते रुजवून बघितले. १० टक्के साखरेच्या पाण्यात बोरिक अॅसिड १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), कॅल्शियम नायट्रेट ३०० पीपीएम, चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम नायट्रेट, त्याचा थेंब, खाली ओला टिश्यू ठेवलेली झाकणाची डिश. कॅमेऱ्याला दर दहा मिनिटांनी फोटो काढायला लावलं. कणाच्या कडेला आधी फुगवटा येतो, मग त्यातून काचेसारखी नळी सरकत निघते, आत दाणेदार काहीतरी वाहतंय हेसुद्धा दिसतं. नळी कणाच्या व्यासापेक्षा लांब झाली तरच तो रुजला असं धरायचं. मोजायला इमेजजे हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, फक्त आधी १ मिलिमीटरचे १०० भाग केलेली स्लाइड ठेवून स्केल लावून घ्या, नाहीतर आकडे हवेतले.

गारठ्याच्या आठवड्यातल्या फुलांचे निम्मेसुद्धा रुजले नाहीत, ऊबदार आठवड्यात नळ्यांचं जाळं झालं. बाबा म्हणाले, "मग थंडी नको का?" हवी ना, मोहोर फुटायला हवीच, पण कळीत पराग तयार होताना गारठा फार पडला की तो बिघडतो.

आता हापूसवर दुसऱ्या जातीचा पराग लावून बघणार, कारण हापूसला स्वतःचा फारसा मानवत नाही. परड्यातल्या रायवळाचा (कोयीपासून उगवलेल्या आंब्याचा) पराग डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवलाय, आईने ती डबी आत्ताच लोणच्यामागे ढकलली.