तुम्ही विचारलंत म्हणून: जपानमध्ये एकच दिवस मोकळा असेल तर कुठे जायचं?

जपानला निघालेली मुलं ओळखीओळखीतून माझा नंबर मिळवतात. व्हिसा, खोली, शाकाहारी जेवण असं सगळं विचारून झालं की शेवटी हा प्रश्न येतोच: "ताई, तुम्ही ओसाकाला वर्षभर शिकायला होतात ना? एक दिवस मोकळा आहे, जुनं काहीतरी बघायचंय. कुठे जाऊ?" विचारणाऱ्याच्या मनात क्योटो असतं. मी सांगते, नाराजवळच्या होर्यूजी या जुन्या बौद्ध मठात जा. ते का, हे दोन ओळींच्या मेसेजमध्ये मावत नाही.

ओसाकातल्या तेन्नोजी स्टेशनवरून नाराच्या दिशेची जलद गाडी धरायची. साधारण अर्ध्या तासात होर्यूजी स्टेशन येतं, तिथून वीसेक मिनिटं पायी. मी नोव्हेंबरात, कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी एकटीच गेले होते. बसही मिळते, पण चालतच जा. घराघरांतून काकी नावाच्या नारिंगी फळांनी लगडलेली झाडं दिसतात, मग पाइनची रांग लागते आणि तिच्या टोकाला देवळाचा दरवाजा. तिकीट तेव्हा दीड हजार येन होतं, 2025 पासून दोन हजार झालंय.

हा बौद्ध मठ राजपुत्र शोतोकूने 607 च्या सुमारास उभारला. 670 मध्ये तो जळला आणि पुन्हा बांधला गेला. म्हणजे आज दिसतो तो 'नवा' मठसुद्धा तेराशे वर्षांचा आहे! त्यातलं मुख्य मंदिर, म्हणजे कोन्दो, आणि पाच मजली पॅगोडा या जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. पॅगोडाच्या मधल्या खांबाचं झाड 594 मध्ये तोडलेलं आहे, हे लाकडातल्या वर्तुळांवरून शोधून काढलंय. मी औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची. वेरूळचं कैलास लेणं कोरायला घेतलं, त्याच्या आधीपासून हे खांब उभे आहेत. तेही दगडाचे नव्हे, लाकडाचे.

त्या खांबांपाशी थांबा. मध्यावर ते किंचित फुगीर आहेत. जवळून पाहिलं की लाकडात चौकोनी, लांबट ठिगळं दिसतात. खराब झालेला भाग तेवढाच कोरून काढायचा आणि त्या मापाचा नवा तुकडा बसवायचा, अशी ही दुरुस्ती. एका ठिगळाच्या रेषा जुन्या लाकडाच्या रेषांशी इतक्या जुळवल्या होत्या की सांधा शोधायला मला खाली वाकावं लागलं. आमच्या आजीच्या पैठणीला असं रफू केलेलं होतं. बोट फिरवल्याशिवाय ते कळत नसे.

पण मी तिथे गेले होते ते चित्रांसाठी. कोन्दोच्या बारा भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची मोठाली चित्रं होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची आठवण यावी असे त्यांतले काही चेहरे: खाली झुकलेली नजर, मान आणि कंबर डौलात कललेली. 26 जानेवारी 1949 च्या पहाटे कोन्दोला आग लागली आणि ही चित्रं होरपळली. डागडुजीसाठी वरचा मजला उतरवून ठेवला होता, म्हणून तो वाचला. भिंतींवर फिकट रेषा उरल्या, रंग गेले. वाईट याचं वाटतं की ही चित्रं टिकावीत म्हणूनच त्या दिवसांत चित्रकार आत बसून त्यांच्या नकला करत होते. आज तिथे दिसतात त्या 1967-68 मध्ये नव्याने काढलेल्या प्रतिकृती. 1935 मध्ये या भिंतींचे मोठे फोटो काढून ठेवले होते, त्यांच्या आधारे त्या झाल्या. होरपळलेल्या मूळ भिंती आवारातच वेगळ्या ठेवल्या आहेत, एरवी त्या बघायला मिळत नाहीत.

आता आपल्या बाजूचं ऐका. रॉबर्ट गिल या ब्रिटिश चित्रकाराने अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून केलेल्या बऱ्याचशा नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून अजिंठ्यात काम करत होते. त्यांच्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. आराई काम्पो नावाच्या जपानी चित्रकाराने 1917-18 मध्ये अजिंठ्यात बसून नकला केल्या, त्या 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत तोक्योत नष्ट झाल्या. आणि हेच आराई काम्पो 1940 पासून होर्यूजीच्या भिंतींच्या नकला करणाऱ्यांत होते. अजिंठ्याच्या नकला जळत राहिल्या, मूळ टिकलं. होर्यूजीला मूळ गेलं आणि नकला राहिल्या. हे मला त्या अंधाऱ्या कोन्दोत, भिंतीकडे बघत असताना एकदम उमगलं आणि तिथून पाय निघेना. शाळेच्या सहलीत मी पद्मपाणीसमोर पाच मिनिटंसुद्धा थांबले नव्हते.

या आगीनंतर जपानने 1950 मध्ये सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. दर 26 जानेवारीला जुन्या देवळांतून आग विझवण्याचा सराव होतो. आपण झेंडावंदनाला जातो, त्याच दिवशी.

दुपारी गाडीने पुढे नाराला जाता येतं. तिथल्या तोदाइजी मंदिरातला साधारण पंधरा मीटर उंच ब्राँझचा बुद्ध सगळेच बघतात, तुम्हीही बघा. एवढंच लक्षात असू द्या, की 752 मध्ये त्या मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केली होती. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते धरले होते. तो कुंचला नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवलाय. हरणं आहेत, पण त्यांच्यात फार वेळ घालवू नका. वेळ होर्यूजीला द्या.

परत आल्यावर पहिल्याच महिन्यात आईला घेऊन अजिंठ्याला गेले. पहिल्या लेण्यात आमच्या मागे गर्दी साचत होती. "मॅडम, पुढे सरका," रखवालदार म्हणाले. "दादा, दोनच मिनिटं," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वळवलं.